गोठवलेल्या तिसऱ्या रांधाव्यात की टाकाव्यात?

पुण्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्याचा सारांश त्यांच्याच शब्दांत असा:

"मासेमारीची बंदी सुरू होण्याआधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मालवणच्या माझ्या नणंदेने रात्रीच्या बसने थर्माकोलच्या खोक्यातून दोन किलो जिवंत तिसऱ्या (खाडीतले छोटे शिंपले) आणि डबाभर सोललेली कालवे (खडकावरचे शिंपले, ऑयस्टर) पाठवली. खोके संध्याकाळी ६ वाजता निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता आमच्या हाती आले. बर्फाचे पूर्ण पाणी झाले होते आणि ते पाणी गारही राहिले नव्हते. तिसऱ्या वरच्या बाजूला ओल्या गोणपाटात होत्या. उघड्या पडलेल्या टिचकी मारून पाहिल्या, ज्या मिटल्या नाहीत त्या टाकल्या, बाकीच्या धुऊन शिंपल्यांसकट फ्रीजरमध्ये ठेवल्या. कालवांचा डबा तसाच गोठवला. त्याच सुमारास दुकानातून गोठवलेल्या सोललेल्या कोळंबीची दोन बंद पाकिटे आणली. जूनमध्ये वादळी पावसात ११ तास वीज नव्हती. फ्रीजर पाऊण भरलेला होता, मधल्या वेळात दोनदा उघडला गेला. वीज आली तेव्हा तळाशी मागे ठेवलेल्या तिसऱ्यांचा गोळा दगडासारखा घट्ट लागला, मात्र दाराजवळचे कोळंबीचे एक पाकीट मऊ झाले होते. आता त्या पाकिटाच्या तळाशी गुलाबी बर्फाची वडी साचलेली दिसते. दुसऱ्या पाकिटातली कोळंबी सुटी आहे, पण तिच्यावर पांढरे डाग आले आहेत. वास कशालाच येत नाही. आषाढातल्या शेवटच्या रविवारी सगळे घरी जमणार आहेत. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि सून सहा महिन्यांची गरोदर आहे. सासूबाई म्हणतात, हळद-मीठ लावून चांगले उकळले की काही होत नाही, अन्न टाकू नये. मी काय करावे?"

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही वेळा लिहिल्या, बर्फाची अवस्था लिहिली, पाकिटाच्या तळाचा गुलाबी बर्फसुद्धा नोंदवला. या सगळ्यावरून मला बरेच काही ठामपणे सांगता येते. वास कशालाच येत नाही, हेही तुम्ही लिहिले आहे, पण माझ्या उत्तरात सर्वांत कमी उपयोग त्याच वाक्याचा होणार आहे.

रविवार जवळ आला आहे, म्हणून निर्णय आधी सांगते. कालवांचा डबा टाकून द्या. गुलाबी बर्फ साचलेले कोळंबीचे पाकीटही टाका. पांढरे डाग पडलेले पाकीट खाण्यास योग्य आहे, चव थोडी उणी लागेल इतकेच. तिसऱ्या रांधता येतील, परंतु त्या सुनेच्या आणि सासूबाईंच्या पानात वाढू नका.

आता कारणे सांगते, कारण कारण समजले नाही तर पुढच्या मे महिन्यात हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला जिवाणूंची वाढ थांबते. ती थांबते, म्हणजे जिवाणू मरतात असे मात्र नाही. काही मरतात, पुष्कळसे तग धरून राहतात, आणि काविळीचे किंवा उलट्या-जुलाबांचे विषाणू तर गोठवण्याने फारसे बाधितच होत नाहीत. म्हणून जिन्नस फ्रीजरमध्ये ज्या अवस्थेत गेला त्याच अवस्थेत, फार तर थोडा उतरून, बाहेर येतो. त्याहून बरा होऊन कधीच येत नाही. याच कारणाने गोठवलेल्या शिंपल्यांबद्दल विचारायचे पहिले प्रश्न दोन असतात: गोठण्यापूर्वी तो जिन्नस कोणत्या स्थितीत होता, आणि गोठल्यानंतर मध्येच कधी वितळला का? या दोन प्रश्नांची उत्तरे नाकाला देता येत नाहीत. ती घरातल्या माणसांच्या आठवणीत असतात, किंवा पिशवीवर लिहिलेल्या तारखेत असतात.

वासाविषयी मी इतक्या ठामपणे का बोलते, तेही सांगते. घाण वास आला तर जिन्नस खराब आहे हे नक्की समजावे. पण वास आला नाही म्हणून तो चांगला आहे, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. ज्या जिवाणूंमुळे मासळीला कुजका वास येतो ते बहुतेक वेळा वेगळे असतात आणि ज्यांच्यामुळे माणूस आजारी पडतो ते वेगळे असतात. त्यातच गोठलेल्या स्थितीत वास जवळजवळ दबलेला असतो, त्यामुळे फ्रीजरचे दार उघडून घेतलेला वास तर कोणत्याच उपयोगाचा नाही. माझ्या स्वतःच्या घरी, अनेक वर्षांपूर्वी, मी गोठवलेली कालवे सकाळी ओट्यावर काढून ठेवली, दुपारी त्यांना समुद्राचा छान वास येत होता, म्हणून रवा लावून तव्यावर परतली आणि वडिलांना वाढली. त्या रात्री त्यांना जे उलट्या-जुलाब सुरू झाले ते दोन दिवस सलाइन लावेपर्यंत आटोक्यात आले नाहीत. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तेव्हापासून मी कालवांच्या बाबतीत नाकावर विसंबणे सोडून दिले.

कालवे, तिसऱ्या, शिणाणे, खुबे या दोन शिंपांच्या जीवांची जगण्याची रीत कोळंबी किंवा माशांपेक्षा वेगळी आहे, आणि सगळा धोका त्या रीतीतूनच येतो. हे प्राणी एका जागी राहून खाडीचे पाणी आत ओढतात, त्यातले सूक्ष्म अन्न गाळून घेतात आणि पाणी बाहेर सोडतात. पाण्यात सांडपाणी मिसळले असेल, तर त्यातले जिवाणू आणि विषाणू त्यांच्या शरीरात साठत जातात. सांडपाणी नसले तरी कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू निसर्गतःच असतात. त्यांतला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस अनुकूल उष्णता मिळाली की १० ते २० मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. शिवाय बांगड्याचे पोट आपण साफ करून टाकतो, तसे येथे होत नाही. तिसरी किंवा कालव आपण आतड्यासकट, अख्खे खातो.

या गाळण्याचा परिणाम किती मोठा होऊ शकतो याची नोंद चीनमधील शांघाय शहराची आहे. तेथे १९८८ च्या सुरुवातीला उकळत्या पाण्यात केवळ बुडवून काढलेले शिंपले खाल्ल्यामुळे सुमारे ३ लाख लोकांना 'हिपॅटायटिस ए' म्हणजे काविळीची लागण झाली. शिंपले दूषित पाण्यातले होते आणि ते पुरेसे शिजले नव्हते. तेथील लोकही काही नवखे नव्हते. तेही शिंपले पिढ्यान्‌पिढ्या खात आले होते.

आता तुमच्या कालवांकडे येते. सोललेले कालव हे मेलेले आणि उघडे मांस असते. शिंपल्याचे कवच गेले, जिवंतपणा गेला, आणि ते स्वतःच्याच रसात डब्यात बुडून राहिले. मे महिन्यातल्या रात्री १४ तासांचा प्रवास झाला आणि शेवटी खोक्यातले पाणी गारही नव्हते. बर्फ नेमका केव्हा संपला हे कोणी सांगू शकत नाही. तो कोल्हापूरजवळ संपला असेल किंवा सातारा ओलांडल्यावर. अशा जिनसांसाठी सर्वसाधारण नियम असा आहे की ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षाही जास्त नकोत. तुमच्या डब्याने ही मर्यादा निश्चित पाळली, असे म्हणण्याला काहीच आधार नाही. त्यानंतर तुम्ही तो गोठवलात, म्हणजे जी काही वाढ झाली असेल ती तशीच जपून ठेवलीत. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण खडकावरून कालवे फोडून काढणे किती कष्टाचे काम आहे हे मला माहीत आहे. ओहोटीची वेळ साधून, कोयतीने एकेक शिंप उघडून, हात कापून घेत ती जमा करावी लागतात. नणंदबाईंना वाईट वाटू नये म्हणून हवे तर त्यांना सांगूही नका, पण डबा टाका.

सासूबाईंचे म्हणणे असे की उकळले की सगळे मरते. त्यांचा अनुभव मी हलका लेखत नाही. त्यांच्या तरुणपणी तिसऱ्या सकाळी खाडीतून निघत आणि दुपारी शिजत. मधे ना बस होती, ना फ्रीजर, ना वीज जाण्याचा प्रश्न. त्या परिस्थितीत त्यांचा नियम पुरेसा होता. पण उकळण्याने जिवाणू मरतात तरी काही जिवाणूंनी आधीच सोडलेले विष शिल्लक राहते. हाताळणाऱ्याच्या हातांवरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे विष उकळूनही नष्ट होत नाही. हळद आणि मीठ लावून ठेवल्याने चव मुरते आणि हिवस वास कमी होतो. परंतु स्वयंपाकात आपण लावतो तेवढ्या हळद-मिठाने खोलीच्या तापमानाला मासळी सुरक्षित राहत नाही. आमसुलाचे किंवा लिंबाचेही तसेच. आंबटपणाने मांस पांढरे पडून शिजल्यासारखे दिसते, पण ते शिजलेले नसते.

शिंपल्यांच्या बाबतीत आणखी एक विष असते, आणि ते जिवाणूंचे नसते. समुद्रात काही सूक्ष्म शैवालांची अचानक वाढ होते तेव्हा त्यांच्यातले विष शिंपल्यांत साठते. शिंपल्याला त्याची बाधा होत नाही, तो जिवंत आणि ताजा राहतो. त्याला वास नसतो, चव बदलत नाही, आणि ते ना गोठवून जाते ना उकळून. आपल्याच देशात, केरळमधील विळिंजम येथे १९९७ साली असे शिणाणे खाल्ल्यामुळे ७ जणांचा मृत्यू झाला आणि कित्येक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ही घटना वारंवार घडणारी नाही आणि मी ती तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. शिंपले कोठून आले, ते काढणारा माणूस त्या खाडीचा नेहमीचा आहे का, त्या दिवसांत पाण्याचा रंग बदलल्याची किंवा मासे मरून वर आल्याची चर्चा गावात होती का, हे प्रश्न विचारणे का गरजेचे आहे, ते यावरून कळावे एवढाच हेतू. तुमच्या नणंदबाई तेथेच राहतात, त्यामुळे हे विचारणे तुम्हाला सोपे आहे; शहरातल्या बाजारात घेणाऱ्याला ती सोय नसते. शिंपले खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत ओठ, जीभ किंवा बोटांची टोके बधिर झाली, मुंग्या आल्या, तर घरगुती उपाय करत न बसता थेट मोठ्या रुग्णालयात जावे, कारण या विषावर उतारा नाही आणि श्वासोच्छ्वासाला आधार देणे हाच उपचार असतो.

तिसऱ्यांबद्दल मी वेगळा निर्णय दिला, कारण त्यांचा इतिहास वेगळा आहे. त्या तुमच्या हाती आल्या तेव्हा जिवंत होत्या आणि तुम्ही ते टिचकी मारून तपासले होते. मिटलेली, किंवा स्पर्श होताच मिटणारी शिंप म्हणजे आतला जीव शाबूत आहे, आणि जिवंत जीव मेलेल्या मांसासारखा भराभर कुजत नाही. नणंदबाईंनी त्या वितळलेल्या पाण्यात बुडू न देता गोणपाटात वर ठेवल्या, हे फार चांगले केले. बर्फाच्या गोड्या पाण्यात राहिल्या तर त्या वाटेतच मरतात. पुढे फ्रीजरमध्ये त्या तळाशी मागच्या बाजूला होत्या, म्हणजे सर्वांत थंड जागी, आणि वीज आली तेव्हा गोळा घट्ट होता. वितळून पुन्हा गोठल्याचे कोणतेही चिन्ह नाही. सुमारे दोन महिन्यांचा काळही फार नाही. शिंपले तीन ते चार महिन्यांच्या आत संपवावेत असे सामान्यतः सांगितले जाते.

येथे एका गैरसमजाबद्दल लिहायला हवे. तिसऱ्या विळीवर सहज उघडाव्यात म्हणून त्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे, आणि ती सोयीची आहे. थंडीने जीव मरतो, शिंप मिटून धरणारा स्नायू सैल पडतो आणि शिंप किंचित उघडते. मग एकशिपी (एकाच शिंपेत मांस ठेवून केलेल्या तिसऱ्या) करायला त्रास होत नाही. याचाच अर्थ असा की गोठवल्यानंतर मिटण्या-उघडण्याची परीक्षा संपली. गोठवलेली तिसरी उघडी दिसते म्हणून ती आधीच मेलेली होती असे म्हणता येत नाही, आणि बंद दिसते म्हणून ती चांगली होती असेही म्हणता येत नाही. जी निवड करायची ती गोठवण्यापूर्वीच करावी लागते. तुम्ही ती केलीत म्हणून आज मी 'रांधा' असे म्हणू शकते. केली नसती तर दोन किलोंची पिशवी पूर्ण टाकायला सांगितली असती. फुटलेल्या शिंपा आताही वेगळ्या काढा. आकाराच्या मानाने जड लागणारी शिंपही काढा. तिच्यात बहुधा चिखल भरलेला असतो, आणि अशी एक चिखलाची शिंप साऱ्या कालवणाची माती करते.

तिसऱ्या वितळवत बसण्याची गरज नाही. गोठलेल्याच सुट्या करून, थंड पाण्याखाली पटकन धुऊन, थेट उकळत्या पाण्यात घाला. एकाच वेळी पातेले गच्च भरू नका, कारण मधल्या तिसऱ्यांपर्यंत उष्णता पोचत नाही. दोन किलो असतील तर तीन-चार वेळा करा. शिंपा उघडल्या की शिजल्या, असे समजून गॅस बंद करण्याची सवय सर्वत्र आहे, आणि याच सवयीमुळे विषाणू वाचतात. पूर्ण उघडल्यानंतर आणखी ३ ते ५ मिनिटे खळाखळा उकळू द्या. शिंपल्यांसाठी युरोपात जो औद्योगिक निकष वापरतात तो आतल्या मांसाचे तापमान ९० अंशांवर निदान ९० सेकंद राहावे असा आहे, यावरून किती शिजवायचे याचा अंदाज येईल. मांस थोडे चिवट होईल, ते सोसावे. ज्या शिंपा शेवटपर्यंत उघडणार नाहीत त्या टाकाव्यात. विळीवर कापताना निघालेले तिसऱ्यांचे पाणी अनेक जणी कालवणात घालतात, कारण खरी चव त्यातच असते. ते पाणी कच्चेच आहे हे लक्षात ठेवा, ते शेवटी वरून न ओतता वाटणाबरोबर सुरुवातीलाच घाला आणि भरपूर उकळा.

मग सुनेला आणि सासूबाईंना का नको? नीट शिजवलेल्या तिसऱ्यांतून त्यांना अपाय होण्याचा संभव कमी आहे, हे मी मान्य करते. पण गरोदरपणात काविळीचा एक प्रकार, 'हिपॅटायटिस ई', विशेष घातक ठरतो, शेवटच्या तिमाहीत तर अधिकच. आणि तो विषाणू दूषित पाण्यातल्या शिंपल्यांत असू शकतो. वृद्ध माणसाला साध्या जुलाबांतूनही शरीरातले पाणी कमी होऊन गंभीर अवस्था येते. जे पथ्य निरोगी चाळिशीतल्या माणसाला सांगितले नसते ते या दोघींसाठी मी सांगते. ज्यांना यकृताचा विकार किंवा मधुमेह आहे अशी आणखी कोणी माणसे त्या दिवशी येणार असतील तर त्यांनाही हेच लागू आहे. अपुऱ्या शिजलेल्या शिंपल्यांतला व्हिब्रिओ व्हल्निफिकस यकृत बिघडलेल्या माणसाच्या जिवावर उठतो.

कोळंबीच्या दोन पाकिटांतला फरक तुम्ही स्वतःच ओळखला आहे. गुलाबी बर्फाची वडी म्हणजे कोळंबी वितळली, तिचा रस गळून तळाशी गेला आणि तेथे पुन्हा गोठला. ती किती तास मऊ होती, त्या वेळात तिचे तापमान ५ अंशांच्या वर गेले का, हे सांगता येत नाही. वितळलेल्या जिनसात अजून बर्फाचे कण असतील किंवा तो फ्रीजमधल्या दुधाइतका गार असेल, तर पुन्हा गोठवायला हरकत नसते. पण हे त्याच वेळी हात लावून पाहायचे असते, महिन्याने नाही. तुम्ही 'मऊ' असे लिहिले आहे, म्हणून संशयाचा फायदा मी त्या पाकिटाला देत नाही.

दुसऱ्या पाकिटावरचे पांढरे, कोरडे डाग हे बर्फ थेट वाफ होऊन उडून गेल्याने पडतात. त्या जागचे मांस सुकते आणि शिजल्यावर भुशासारखे लागते. तो चवीचा दोष आहे, आरोग्याचा नाही. डाग मोठे असतील तर तेवढा भाग कापून टाका. कोळंबीच्या कवचावर किंवा डोक्याजवळ येणाऱ्या काळ्या ठिपक्यांविषयीही लोक मला विचारतात. हवा लागली की तिच्या शरीरातल्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) ते उमटतात, कापलेले सफरचंद काळे पडते तसेच. ठिपके म्हणजे विष नव्हे, परंतु ते फार असतील तर कोळंबी बर्फात वेळेवर गेली नाही असे समजावे. हे ठिपके टाळण्यासाठी काही व्यापारी सल्फाइट वापरतात. त्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांनुसार कच्च्या मांसात किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे, आणि दम्याच्या रुग्णांना त्यातूनही त्रास होऊ शकतो, म्हणून पाकिटावरचा मजकूर वाचावा. त्याच पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक, गोठवल्याची तारीख आणि 'उणे १८ अंशांवर ठेवा' ही सूचना असायला हवी. दुकानात पाकीट हलवून पाहावे. दाणे सुटे खुळखुळले तर बरे, एकच ढेप झाली असेल तर ते कोठेतरी वितळले होते असे मानून परत ठेवावे.

ती चांगली कोळंबी शनिवारी रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताटली ठेवून वितळायला ठेवा, म्हणजे गळणारे पाणी कोथिंबिरीवर किंवा कापलेल्या फळांवर पडणार नाही. घाई असेल तर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. ओट्यावर ठेवू नका, आणि कोमट पाणी तर मुळीच नको. वितळल्यावर, आणि तेव्हाच, नाकाचा उपयोग करा: अमोनियासारखा झोंबणारा वास, आंबूस वास किंवा हाताला चिकट बुळबुळीत लागणे यांपैकी एकही आढळले तर तेही पाकीट टाका. शिजताना कोळंबी गुलाबी होते तो रंग पाहून थांबू नका. सर्वांत जाड भाग मोडून पाहा, मध्यभागी काचेसारखी पारदर्शक छटा राहता कामा नये. ज्या विळीवर किंवा पाटावर कच्ची कोळंबी साफ केली, त्याच ओल्या पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरू नका. घराघरांतले पुष्कळसे त्रास मासळीच्या पानातून येत नाहीत, शेजारच्या कोशिंबिरीतून येतात. आणि जमणाऱ्या मंडळींपैकी कोणाला कोळंबीने अंगावर पित्त उठत असेल तर त्याला गोठवलेली, शिजवलेली, कशीच देऊ नका. ज्या प्रथिनाची बाधा होते ते शिजवूनही टिकते.

पुन्हा वीज जाईल तेव्हा अंदाज करावा लागू नये म्हणून एक सोपी युक्ती करून ठेवा. छोट्या वाटीत पाणी गोठवा, त्या बर्फावर एक नाणे ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्ये दाराजवळच्या बाजूला ठेवून द्या. नाणे वर दिसले तर फ्रीजर वितळला नव्हता. ते बर्फाच्या मधोमध किंवा तळाशी गेलेले दिसले तर वितळला होता. पूर्ण भरलेला आणि बंद ठेवलेला चांगला फ्रीजर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो, असे मानतात. एकाच दाराच्या जुन्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा मात्र यात धरू नका. तो बरेचदा उणे १८ अंशांपर्यंत पोचतच नाही, आणि तेथे मासळी दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक ठेवू नये.

पुढच्या वर्षी बंदीचा १ जून जवळ आला की नणंदबाईंना आधी फोन करा. सोललेली कच्ची कालवे बसने मागवूच नका. त्यांच्याकडे फ्रीजर असेल तर कालवे आणि तिसऱ्या तेथेच वर सांगितल्याप्रमाणे उकळून, शिंपांतून काढून, त्यांच्याच पाण्यासह पातळ, सपाट पिशव्यांत भरून दोन दिवस कडक गोठवाव्यात आणि मगच खोक्यात ठेवाव्यात. सपाट पिशवी लवकर गोठते आणि एका पिशवीत एका वेळचे कालवण मावते, त्यामुळे उरलेले पुन्हा गोठवण्याचा प्रश्नच येत नाही. बर्फ मासळीच्या वजनाइतका तरी हवा; आपल्या हवामानात त्याहून कमी चालत नाही. बर्फ पिशव्यांत बांधलेला असावा, आणि थर्माकोलच्या खोक्याचे झाकण चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केलेले असावे. खेकडे पाठवायचे झाले तर तेही कच्चे गोठवू नयेत, कारण त्यांच्या पोटातली विकरे मांस फार लवकर पिठूळ करतात. उकळून मगच गोठवावेत. पिशवीवर तारीख त्यांनीच लिहावी, आणि खोके तुमच्या हाती येईल तेव्हा पिशव्या अजून कडक आहेत का ते दाबून पाहावे. ज्या पिशव्या मऊ पण अजून गार असतील त्यांचे त्याच दिवशी कालवण करावे, ज्या कोमट झाल्या असतील त्या टाकाव्यात, आणि ज्या दगडासारख्या असतील त्याच फ्रीजरमध्ये जाव्यात.